एक तिकीट, दोन राज्यं: सीमाभागातली भाडेवाढ, सवलती आणि तक्रारीचे मार्ग

बेळगाव | प्रतिनिधी

जानेवारी २०२५ हा महिना सीमाभागातल्या रोजच्या प्रवाशाला महागात पडला. ५ तारखेला कर्नाटकातल्या चारही परिवहन महामंडळांचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं. त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, २५ तारखेला, महाराष्ट्राच्या एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पुण्यात किंवा हुबळीत राहणाऱ्याला यातली एकच वाढ सोसावी लागली. निपाणीहून कोल्हापूरला, चंदगडहून बेळगावला किंवा बिदरहून उदगीरला जाणाऱ्याला मात्र दोन्ही वाढी एकाच तिकिटात भराव्या लागल्या.

भाडं वाढलं तशी सेवा सुधारली का, हा प्रश्न कुठल्याही बसस्टँडवर विचारून बघा, उत्तर सगळीकडे एकच मिळेल. पण नुसतं चिडून काही हाती लागत नाही. भाडं कोण ठरवतं, तिकिटातले पैसे कुठं जातात, कुठली सवलत कुठल्या नाक्यापर्यंत चालते आणि गाडी आली नाही तर दाद कुणाकडे मागायची, हे माहीत असेल तर निदान भांडण योग्य माणसाशी होतं. ही सगळी माहिती इथं एका जागी दिली आहे. कापून ठेवावी, नाहीतर मोबाइलमध्ये जपून ठेवावी.

दोन वाढी, एक खिसा

आधी मागचा हिशोब बघू. महाराष्ट्रात एसटीची भाडेवाढ जून २०१८ मध्ये १८ टक्के झाली, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के झाली आणि आता जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. कर्नाटकात वायव्य परिवहनसह जिल्ह्यांच्या गाड्यांचं भाडं याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये १२ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे एसटीची वाढ सव्वातीन वर्षांनी आली आणि कर्नाटकची जवळजवळ पाच वर्षांनी. दोन्ही सरकारांचं म्हणणं एकच होतं: डिझेल महागलं, पगाराचा खर्च वाढला, गाड्यांचे सुटे भाग महागले. यातलं काही खोटं नाही. पण दोन्ही वाढी एकाच महिन्यात आल्या आणि दोन्ही भरणारा माणूस एकच होता, याचा विचार कुठल्या फायलीत झालेला दिसत नाही.

एसटीचं भाडं टप्प्यानं मोजतात. एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. साध्या गाडीचा दर आधी टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होता, तो १० रुपये ५ पैसे झाला. कर्नाटकातही भाडं टप्प्यावरच चालतं, पण टप्प्याची लांबी आणि दर वेगळे. सीमा ओलांडणाऱ्या गाडीचं भाडं साधारणपणे दोन तुकड्यांत धरलं जातं. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतराला महाराष्ट्राचा दर आणि कर्नाटकच्या हद्दीतल्या अंतराला कर्नाटकचा दर.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादा कामगार रोज सीमेपलीकडे जातो. त्याच्या वाटेवर महाराष्ट्राचे ३० किलोमीटर, म्हणजे पाच टप्पे आहेत. कर्नाटकच्या बाजूचं भाडं जुन्या दरानं १५ रुपये धरू.

जुना हिशोब: ४३.५० अधिक १५, एकूण ५८.५० रुपये.
नवा हिशोब: ५०.२५ अधिक १७.२५, एकूण ६७.५० रुपये.

फरक फक्त ९ रुपयांचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण महिन्याला २५ दिवस जाऊन-येऊन ५० फेऱ्या होतात, म्हणजे ४५० रुपये जास्त. महिन्याचा बसचा खर्च २,९२५ वरून ३,३७५ वर गेला. दुकानात किंवा कारखान्यात दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्याच्या पगाराचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग तिकिटातच संपतो. त्याचा पगार त्या जानेवारीत १५ टक्क्यांनी वाढला नव्हता. प्रत्यक्ष तिकीट पूर्ण रुपयात येतं आणि त्यात आणखी काही रक्कम मिसळलेली असते, त्यामुळं तुमचा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. हिशोबाची पद्धत मात्र हीच.

भाडं ठरवतं कोण?

कंडक्टर नाही आणि आगारप्रमुखही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६७ नुसार प्रवासी भाडं ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्रात एसटी महामंडळ प्रस्ताव देतं आणि राज्य परिवहन प्राधिकरण त्याला मंजुरी देतं. वाढ किती असावी याचा हिशोब हकीम समितीच्या सूत्रावरून मांडतात. डिझेल, टायर, चासी आणि महागाई भत्ता यांच्या किमती किती वाढल्या ते त्यात धरलं जातं. कर्नाटकात निर्णय मंत्रिमंडळात होतो. जानेवारीची १५ टक्के वाढ २ तारखेच्या मंत्रिमंडळ बैठकीत मंजूर झाली आणि तीन दिवसांत लागू झाली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. ही सूत्रं खर्च मोजतात, सेवा मोजत नाहीत. किती फेऱ्या रद्द झाल्या, किती गाड्या वाटेत बंद पडल्या, थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागलं, याला भाड्याच्या हिशोबात जागा नाही. म्हणून खर्च वाढला की भाडं वाढतं, पण सेवा घसरली म्हणून भाडं कधी उतरत नाही.

तिकिटात काय काय असतं?

पूर्ण भाडं गाडी चालवण्यावर खर्च होतं असं समजू नये. एसटीच्या भाड्यात राज्य सरकारचा १७.५ टक्के प्रवासी कर असतो. त्याशिवाय अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी तिकिटामागं छोटी रक्कम घेतली जाते. महामार्गावरच्या टोलनाक्याचा भारही आंतरराज्य गाड्यांच्या तिकिटात येतो. आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा.

सवलतींचे पैसे महामंडळ स्वतःच्या खिशातून देत नाही. सरकारनं ती रक्कम महामंडळाला भरून द्यायची असते. ही भरपाई उशिरा आली की डिझेलची बिलं थकतात, पगार लांबतात, सुटे भाग येत नाहीत. प्रवाशाला ते थेट दिसत नाही. त्याला दिसते ती न आलेली सहा वाजताची गाडी.

सवलत कुठं सुरू होते, कुठं संपते?

सगळ्यात जास्त गोंधळ आणि वादावादी इथंच होते. म्हणून एकेक योजना वेगळी बघू.

महाराष्ट्र, महिला सन्मान योजना: १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूर-बेळगाव एसटीत बसलेल्या बाईंना हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण भाडं द्यावं लागतं. कंडक्टर फसवतोय असा समज करून अनेकदा भांडण होतं. तो फसवत नसतो, नियमच तसा आहे.

महाराष्ट्र, ज्येष्ठ नागरिक: वयाची ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना अर्धं तिकीट. इथंही हद्दीचीच अट आहे. ओळखपत्र जवळ ठेवावं.

कर्नाटक, शक्ती योजना: ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी गाड्यांत महिलांना मोफत प्रवास. अट अशी की महिला कर्नाटकची रहिवासी हवी आणि ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. राजहंस, ऐरावत, स्लीपर, एसी अशा गाड्यांना योजना लागू नाही. पैसे लागत नसले तरी शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं, ते न घेता बसलं तर विनातिकीट धरतात. साध्या गाड्यांत निम्म्या जागा पुरुषांसाठी ठेवण्याचाही नियम आहे. गर्दीत तो किती पाळला जातो ते रोज जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्राच्या एसटीत शक्ती योजना चालत नाही, गाडी कर्नाटकच्या हद्दीतून धावत असली तरी. तसंच कर्नाटकच्या गाडीत महाराष्ट्राची अर्ध्या तिकिटाची सवलत चालत नाही. दोन राज्यांत धावणाऱ्या कर्नाटक बसमध्ये शून्य तिकीट मिळेल असं गृहीत धरू नये. आपल्या फेरीबद्दल आगारातच विचारून घ्यावं.

तेलंगणा, महालक्ष्मी योजना: ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या रहिवासी महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत मोफत प्रवास. इथला नियम जरा वेगळा आणि सोयीचा आहे. गाडी दुसऱ्या राज्यात जाणारी असली तरी तेलंगणाच्या हद्दीपर्यंतचा प्रवास मोफत, पुढचं तेवढं भाडं द्यायचं. हैदराबादहून नांदेड, उदगीर, बिदरकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा उपयोग होतो.

आता वरचंच उदाहरण नोकरी करणाऱ्या बाईंसाठी लावून बघू. एसटीत बसल्या तर महाराष्ट्राचे ५०.२५ अर्धे होऊन २५.१२ आणि कर्नाटकचे १७.२५, असे सुमारे ४२.३७ रुपये. त्याच वाटेवरच्या, कुठलीच सवलत नसलेल्या दुसऱ्या राज्याच्या गाडीत बसल्या तर ६७.५०. फेरीमागं २५ रुपयांचा फरक, ५० फेऱ्यांना साडेबाराशे रुपये. म्हणून स्टँडवर बायका समोर उभी असलेली गाडी सोडून मागच्या गाडीची वाट बघतात. बाहेरून बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. हिशोब मांडला की कळतं.

दुसरा मार्ग म्हणजे गाडी बदलणं. कर्नाटकची रहिवासी असलेली महिला सीमेलगतच्या शेवटच्या थांब्यापर्यंत शून्य तिकिटावर जाते आणि पुढं एसटीचं अर्धं तिकीट काढते. पैसे वाचतात. पण अर्धा-पाऊण तास जातो, ऊन-पाऊस सोसावा लागतो आणि संध्याकाळी पुढची गाडी मिळेलच याची खात्री नसते.

सगळ्यात वाईट अवस्था चंदगड तालुक्यातून बेळगावला कामाला येणाऱ्या बायकांची. आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता, म्हणून कर्नाटकच्या गाडीत शून्य तिकीट नाही. एसटीत बसलं तर शिनोळी मागं पडलं की बाचीपासून पुढं पूर्ण भाडं. उचगाव, सुळगा, हिंडलगा या वाटेवर शेजारच्या सीटवरची बाई फुकट आणि ही पूर्ण पैसे देऊन. बाजार एक, काम एक, बोली एक, तिकीट मात्र वेगळं.

विद्यार्थ्यांचे पासही असेच. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत प्रवास आहे. कर्नाटकात तिथल्या महामंडळाचे स्वतंत्र विद्यार्थी पास आहेत. एका राज्याचा पास दुसऱ्या राज्याच्या गाडीत चालत नाही. प्रवेश घेतानाच कॉलेजच्या वेळेला कुणाची गाडी आहे ते बघून पास काढावा.

गाडी का येत नाही?

याची कारणं चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण पैशाचं. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं एसटीची श्वेतपत्रिका काढली. त्यात महामंडळाचा संचित तोटा १० हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचं समोर आलं. कर्नाटकातही थकबाकीचा प्रश्न आहे. पगारवाढीच्या ३८ महिन्यांच्या फरकासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांनी ५ ऑगस्ट २०२५ ला संप पुकारला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो थांबला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा लांबलेला एसटी संप अजून कुणी विसरलेलं नाही. त्या काळात जे प्रवासी वडापकडे आणि दुचाकीकडे गेले, त्यातले पुष्कळ परत आलेच नाहीत.

दुसरं कारण गर्दीचं. शक्ती योजनेत १४ जुलै २०२५ पर्यंत ५०० कोटी मोफत प्रवास झाले. योजना चांगली की वाईट हा वेगळा विषय. लाखो बायका घराबाहेर पडल्या, कामाला लागल्या, दवाखान्यात वेळेवर पोचल्या, हे नाकारता येणार नाही. पण प्रवासी वाढले त्या मानानं खेडेगावच्या वाटेवर गाड्या वाढल्या नाहीत. त्यामुळं भाडं भरून जाणारा माणूस दारात लटकतो आणि फुकट जाणाऱ्या बाईवर राग काढतो. खरं तर फेरी वाढवण्याची जबाबदारी त्या बाईची नाही.

तिसरं कारण कायद्यातच आहे. एसटी, वायव्य परिवहन, कल्याण कर्नाटक ही महामंडळं मार्ग परिवहन महामंडळ कायदा १९५० खाली चालतात. त्याच्या कलम १८ मध्ये म्हटलंय की महामंडळानं कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट जुळवलेली सेवा द्यावी. कलम २२ मध्ये म्हटलंय की कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. आता डोंगरातल्या वाडीला जाणारी सकाळची गाडी अर्धी रिकामी धावते. कलम २२ बघितलं तर ती बंद करायला हवी, कलम १८ बघितलं तर चालू ठेवायला हवी. वाणिज्य शाखेत आम्हाला नफा-तोटा पत्रक शिकवलं, त्यात वाडीतल्या मुलीचं बुडालेलं कॉलेज कुठल्या रकान्यात लिहायचं ते शिकवलं नव्हतं. तोट्याचा बोजा सरकार उचलत नाही तोवर आगारप्रमुख कलम २२ कडेच झुकणार.

चौथं कारण खास सीमाभागाचं. इथं गाड्या राजकारणामुळंही थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्हीकडची बससेवा विस्कळीत झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात भाषेच्या वादातून कर्नाटकच्या कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं आणि पुन्हा सेवा बंद. अशा वेळी इकडची गाडी सीमेपर्यंत येते, पलीकडून दुसरी घ्यावी लागते. मधलं अंतर रिक्षानं, वडापनं किंवा पायी. तिकीट दोनदा, वेळ दुप्पट. मार खाणारा चालक आणि कंडक्टर दोन्हीकडे नोकरदार माणूसच असतो आणि अडकणारा प्रवासी बहुतेक वेळा पलीकडच्या दवाखान्यात, परीक्षेला किंवा माहेरी निघालेला असतो.

फेऱ्या किती, हे दोन राज्यांच्या करारात ठरतं

सीमेपलीकडे जाणाऱ्या गाड्या कुठलंही महामंडळ मनाला येईल तशा वाढवू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ खाली दोन राज्यांत परस्पर करार होतो. कुठल्या मार्गावर कुणाचे किती परवाने, ते त्यात लिहिलेलं असतं. दोघांच्या गाड्यांनी एकमेकांच्या हद्दीत साधारण बरोबरीनं धावावं, हे त्यामागचं तत्त्व.

इथं प्रवाशाच्या कामाची एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. असा करार करायचा प्रस्ताव दोन्ही सरकारांनी राजपत्रात आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात आधी छापायचा असतो. त्यावर हरकती आणि सूचना मागवायच्या असतात आणि विचार करण्याची तारीख छापल्यापासून किमान ३० दिवसांनंतरची ठेवायची असते. म्हणजे अमुक गावाहून तमुक वेळेला गाडी हवी, हे सांगण्याची कायदेशीर वेळ तेव्हाची. ग्रामपंचायतीनं ठराव करून पाठवला तर त्याला वजन येतं. अशा नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरात येतात. त्या वाचण्याची सवय निदान गावातल्या एका माणसाला तरी हवी.

गोव्यातलं चित्र

गोव्यात कदंब परिवहन १९८० मध्ये सुरू झालं. ते कंपनी कायद्याखालचं सरकारी महामंडळ आहे, म्हणून वरच्या १९५० च्या कायद्यातली कलमं त्याला तशीच लागू होत नाहीत. गोव्यात गावोगावच्या बऱ्याच फेऱ्या खासगी बसवाल्यांच्या हातात आहेत. भाडं सरकार अधिसूचनेनं ठरवतं. तक्रारी तिथल्याही जुन्याच आहेत: संध्याकाळी लवकर बंद होणाऱ्या फेऱ्या, सवारी भरेपर्यंत थांब्यावर रेंगाळणारी बस, रविवारी गायब होणाऱ्या गाड्या. मग उरतो तो मोटारसायकल पायलट, नाहीतर स्वतःची स्कूटर. बेळगावहून चोर्ला घाटातून पणजीला कामाला जाणारे आणि सावंतवाडी, दोडामार्गहून म्हापशाला येणारे पुष्कळ. त्यांनाही दोन राज्यांच्या वेगळ्या दरांना आणि वेगळ्या सवलतींना तोंड द्यावं लागतं.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद

दूरच्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात.

मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. तेव्हापासून इंदूर, ग्वाल्हेरच्या लोकांना गावी जायला खासगी बसच. सरकारी गाडीच नाही तिथं सरकारी सवलतीचा प्रश्नच येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. आपल्याकडे एसटी बंद करून मोकळं व्हा म्हणणाऱ्यांनी या वीस वर्षांचा अनुभव इंदूरच्या नातेवाइकांना विचारावा.

गुजरातमध्ये एसटीचं भाडं ऑगस्ट २०२३ मध्ये २५ टक्क्यांनी वाढलं आणि मार्च २०२५ मध्ये आणखी १० टक्क्यांनी. दोन्ही मिळून बेरीज ३५ होत नाही. १०० चे १२५ आणि १२५ चे १३७ रुपये ५० पैसे. म्हणजे वीस महिन्यांत साडेसदतीस टक्के.

हैदराबाद मेट्रोनं मे २०२५ मध्ये भाडं वाढवलं. किमान १२ आणि कमाल ७५ रुपये केलं. आठवडाभर ओरड झाल्यावर १० टक्के सूट देऊन ते ११ आणि ६९ वर आणलं. प्रवाशांनी एकत्र आवाज उठवला तर आकडा थोडा तरी खाली येतो, याचं हे ताजं उदाहरण.

तक्रार कशी करायची?

१. तिकीट जपा. तिकिटावर गाडीचं आगार, वेळ, टप्पा, क्रमांक सगळं असतं. फोटो काढून ठेवा, कारण मशीनच्या कागदावरची शाई लवकर उडते. गाडीचा नंबर वेगळा लिहून ठेवा.

२. आधी आगार, मग विभाग. पहिली तक्रार आगार व्यवस्थापकाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर एसटीच्या विभाग नियंत्रकाकडे, कर्नाटकात विभागीय नियंत्रणाधिकाऱ्याकडे जा. बेळगाव, धारवाड, कारवार हा भाग वायव्य परिवहनचा आहे, मुख्यालय हुबळीत. बिदर, गुलबर्गा, विजापूर हा भाग कल्याण कर्नाटक परिवहनचा, मुख्यालय गुलबर्ग्यात. ‘केएसआरटीसी, बंगळूर’ असा पत्ता घालून पाठवलेले अर्ज फिरत राहतात.

३. तक्रार मराठीत चालते. संविधानाच्या कलम ३५० नुसार आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क आहे. उत्तर मराठीत येईलच असं नाही. पण मराठीत लिहिलंय म्हणून अर्ज परत करता येत नाही.

४. माहिती अधिकारात मात्र भाषा सांभाळा. त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असंच म्हटलंय. म्हणून कर्नाटकच्या महामंडळाला कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत लिहा, एसटीला मराठीत. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. दोन्ही राज्यांत एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा नियम आहे. विचारायचं काय? अमुक मार्गावर मागच्या सहा महिन्यांत वेळापत्रकात किती फेऱ्या होत्या, किती धावल्या, किती रद्द झाल्या आणि कारण काय. एवढा एक आकडा हातात आला की दहा निवेदनांचं काम होतं.

५. ग्राहक आयोग. पैसे देऊन तिकीट काढणारा प्रवासी हा ग्राहक आहे. आरक्षण असून जागा न मिळणं, गाडी न येणं, परतावा न देणं, ही सेवेतली कमतरता धरता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ची सीमाभागासाठी मोठी सोय अशी की तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे एसटीविरुद्ध बेळगावात आणि कर्नाटक बसविरुद्ध कोल्हापुरात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी फोनवर मार्ग काढायचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. भाडं जास्त का, हा प्रश्न मात्र या आयोगात चालत नाही, तो सरकारचा अधिकार.

६. वाटेत गाडी बंद पडली तर. कंडक्टरनं त्याच तिकिटावर दुसऱ्या गाडीत बसवून द्यायचं असतं. तो देईपर्यंत तिकीट फेकू नका आणि रागानं वडाप पकडून निघून जाऊ नका. गेलात तर पैसे परत मागायला आधार राहत नाही.

७. विनातिकीट जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. सुट्टे नाहीत म्हणून तिकीट राहिलं, हे कारण तपासनीस ऐकत नाही.

काय मागायचं?

भाडं कमी करा, ही मागणी प्रत्येक निवेदनात असते आणि प्रत्येक वेळी फायलीत जाते. त्यापेक्षा नेमकी मागणी जास्त टिकते. सीमाभागासाठी तीन मागण्या अशा आहेत ज्यांना फार पैसा लागत नाही. पहिली, तेलंगणासारखी: आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतची सवलत आंतरराज्य गाडीतही द्यावी आणि हद्दीनंतरचं भाडं वेगळं घ्यावं. दुसरी, शेजारच्या तालुक्यातून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी दोन्ही महामंडळांच्या गाड्यांत चालणारा एक मासिक पास. तिसरी, तणावाच्या काळात गाड्या बंद करायच्या झाल्या तर दवाखाना आणि परीक्षेसाठी ठरावीक फेऱ्या पोलीस बंदोबस्तात चालू ठेवाव्यात.

यातली पहिली गोष्ट एका राज्याच्या आदेशानं होऊ शकते, तेलंगणानं ती करून दाखवली आहे. दुसरीला दोन राज्यांनी एका टेबलावर बसावं लागेल. सीमाप्रश्न न्यायालयात आहे आणि तो तिथं चालत राहील. सकाळी सातची गाडी त्याच्या निकालासाठी थांबवून ठेवायचं काही कारण नाही.